एकवीस वेळा उघडलेली नोंद

सोमवार, ९ मार्च

प्रिय धाकटे,

नऊ वर्षांनी तुला पत्र लिहायला बसले आहे, म्हणून सुरुवात आईपासून करते. निदान पहिला परिच्छेद तरी तू वाचशील. आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण जिना चढते-उतरते. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम मी समोर असले तरच करते, आणि मी वळले की लगेच खुर्चीत. चष्म्याचा नंबर वाढलाय, कान जरा मंद झालेत. दर रविवारी तुझ्याशी फोनवर बोलताना दार लावून घेते, पण तिला वाटतं की तिला कमी ऐकू येतं म्हणजे तुलाही कमी ऐकू येत असणार. त्यामुळे तुझी खुशाली आमच्या अख्ख्या मजल्याला कळते. शेजारच्या काकू जिन्यात मला तुझ्याबद्दल विचारत नाहीत, त्याच मला सांगतात.

तशीच मला तुझ्या अर्जाची बातमी कळली. धान्याच्या साठवणीवर काम करणाऱ्या परदेशातल्या त्या मोठ्या प्रयोगशाळेत मुख्य संशोधकाची जागा, आणि येत्या शुक्रवारी समिती बसणार. ऐकून बरं वाटलं. खरंच वाटलं, भुवया उंचावू नकोस.

माझं म्हणशील तर ठीक चाललंय. तोच तिसरा मजला, तीच न उघडणारी खिडकी, तीच चाक करकरणारी पुस्तकांची गाडी. मी काय काम करते ते तुला कधी नीट सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस, बाबांनीही नाही. तर थोडक्यात सांगते. अडतीस देशांच्या ग्रंथालयांनी मिळून एकच सूची केली आहे. एका देशानं एखादं पुस्तक किंवा लेख त्यात नोंदवला की बाकीच्या सदतीस जणांना पुन्हा तेच काम करावं लागत नाही. प्रत्येक लेखकाला एक क्रमांक असतो. जगात कुठेही त्याचं काही छापून आलं, तर ते त्या क्रमांकाखाली जातं. ज्या देशाचा माणूस, त्याच्या नावाची राखण त्या देशानं करायची. आपल्याकडच्या नावांची राखण चौदा वर्षं माझ्या खुर्चीकडे आहे. पुढच्या महिन्यात या सूचीच्या संयुक्त समितीवर आपली प्रतिनिधी म्हणून माझं नाव जायचं आहे. संचालकबाईंनी पत्रही तयार ठेवलंय. फुशारकी वाटली तर वाटू दे, मला इतक्या वर्षांत कुणी कुठे पाठवलेलं नाही.

आता मुद्द्याचं. आज सकाळी परदेशातल्या एका सूचीकाराचा निरोप आला. मी त्याला टाचणी म्हणते, कारण दहा वर्षांत त्यानं माझं एकही काम न टोचता सोडलेलं नाही. आम्ही कधी भेटलेलो नाही, त्याचा आवाजही मी ऐकलेला नाही. तुझ्या नावाच्या नोंदीत त्याला थोडा गुंता दिसतोय. या गोष्टी यंत्रं करतात आणि निस्तरायला आम्ही बसतो. मी यात काहीच केलेलं नाही. तरी शुक्रवारच्या आत सरळ होईल असं बघते. तू काळजी करू नकोस. आईला तर मुळीच सांगू नकोस, नाहीतर मजल्याला कळेल.

तुझी,
ताई


बुधवार, ११ मार्च

प्रिय धाकटे,

सोमवारचं पत्र टाकलंच नाही. पर्समध्ये आहे. आज काढून वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली. ‘थोडा गुंता’ म्हणे. नीट सांगते.

तुझ्याच नावाची आणखी एक बाई आहे. नाव तेच, आडनाव तेच, आणि नशीब बघ, तीही धान्यावरच्या बुरशीवरच लिहिणारी. तुझ्याहून वयानं बरीच मोठी, दुसऱ्याच शहरात काम केलेली. तिचे दोन लेख नियतकालिकांनी मागे घेतले, कारण त्यातले आकडे तिनं घरी बसून तयार केले होते. सूचीत त्या लेखांपुढे ‘मागे घेतलेला’ असा शिक्का आहे. आणि गेली नऊ वर्षं ते दोन्ही लेख तुझ्या क्रमांकाखाली आहेत. अडतीस देशांत कुणीही तुझं लेखन मागवलं, की तुझ्या एकोणीस लेखांबरोबर तिचे हे दोन लेख निघतात. समित्या उमेदवाराच्या लेखांची यादी इथूनच काढतात. यादी बघतात, शिक्का बघतात, आणि कागद बाजूला ठेवतात. कुणी कुणाला कारण सांगत नाही. तू स्वतःचं नाव कधी सूचीत शोधणार नाहीस, हेही खरंच. छापून आलेला लेख परत उघडायलाही तुला लाज वाटते.

हे झालं कसं, ते सांगते. यंत्राला दोन नोंदी सारख्या वाटल्या की ते जोडणीचा प्रस्ताव काढतं. तो राखणाऱ्या देशाकडे तीस दिवस असतो. दोघी वेगळ्या असतील तर आम्ही हरकत लिहायची आणि स्रोत द्यायचा. तीस दिवसांत कुणी काही लिहिलं नाही, तर एकतिसाव्या दिवशी दोन्ही नोंदी आपोआप एक होतात. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच नियम घोकायला लावतात: शंका असेल तर जोडू देऊ नका.

तो प्रस्ताव आला तेव्हा बाबांना जाऊन दहा दिवस झाले होते. माझं कामात लक्ष नव्हतं. रोज साठ-सत्तर प्रस्ताव यायचे. त्यात तो माझ्या नजरेतून सुटला असणार.

त्या दिवसांबद्दल आपण कधी बोललो नाही. तू चौथ्या दिवशी आलीस. हातात बॅग, डोळे सुजलेले, आणि मी दारातच उभी राहून म्हटलं, ‘आता कशाला आलीस?’ तू आत आलीस, आईजवळ दोन तास बसलीस. निघताना मला एवढंच विचारलंस, की बाबांकडे माझे लेख होते ते मिळतील का. मी म्हटलं, रद्दीत गेले. तू बॅग उचलून निघालीस. त्यानंतर माझ्याशी बोललीच नाहीस. मला तेव्हा वाटलं, बरं झालं. दोन वर्षं बाबांना उठवणं-बसवणं मी केलं, औषधं मी सांभाळली, आणि आल्या-गेल्याला ते कौतुकानं सांगायचे तुझं.

असो. आता काय करायचं ते ऐक. नोंद पुन्हा वेगळी करायची तर राखणाऱ्या देशानं अर्ज भरायचा. अर्जात स्रोत लागतो, आणि तेव्हा हरकत का घेतली नाही याचं कारण लागतं. ते कारण अडतीस देशांना दिसतं आणि कायमचं राहतं. टाचणीकडे या तिमाहीत तंट्यांचं काम आहे. त्याच्या एका वाचकानं विचारलं, ही बाई एकाच महिन्यात दोन शहरांत कशी काम करत होती? तिथून त्याला धागा मिळाला. त्यानं मुदत दिली आहे उद्या, गुरुवारी, संध्याकाळी पाचपर्यंत. चुकली तर प्रकरण तीन महिन्यांनी बैठकीत जाईल. तुझी समिती परवाच आहे.

दुपारी संचालकबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, नजरचूक असं लिहा आणि विषय संपवा, तुमचं नाव पुढे जायचं आहे. त्या काही वाईट बाई नाहीत. माझ्या मनातही तेच होतं. अर्ज समोर घेतला, कारणाच्या रकान्यात ‘नजरचूक’ लिहिलं, आणि पाठवण्याआधी तुला हे लिहायला बसले, म्हणजे

टाचणीचा दुसरा निरोप आलाय. आता पुढे लिहवत नाही.


शुक्रवार, १३ मार्च

धाकटे,

तो निरोप असा होता. शब्द न् शब्द लिहिते, मला पाठ झालाय.

‘यंत्राच्या इतिहासात दिसतं, की प्रस्तावाच्या तीस दिवसांत ही नोंद तुमच्या खुर्चीवरून एकवीस वेळा उघडली गेली. हे मी कुणाला विचारलेलं नाही, फक्त तुम्हाला विचारतो. हा इतिहास मला लपवता येणार नाही, पण तुम्ही काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा.’

आम्ही काय उघडतो याची यंत्र नोंद ठेवतं, हे मी नव्या लोकांना स्वतः शिकवते. स्वतःच्या बाबतीत मात्र सोयीनं विसरले.

तर आता खरं सांगते. नजरेतून काही सुटलं नव्हतं. प्रस्ताव आला त्याच सकाळी मी तो पाहिला. तुझं नाव पाहिलं, शेजारी तिचं पाहिलं, खालचे दोन शिक्केही पाहिले. दोघी वेगळ्या आहेत, हे सगळ्या जगात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? एक ओळ लिहायची होती. पण आमच्याकडे एखाद्या व्यक्तीबद्दल छापील पुरावा हाताशी नसेल आणि सूचीकार स्वतःच्या माहितीवरून लिहीत असेल, तर स्रोतात नातं आणि स्वतःचं नाव घालावं लागतं. एरवी आमचं नाव कुठेच नसतं, नुसता खुर्चीचा क्रमांक. मला लिहावं लागलं असतं: सख्खी बहीण. आणि त्या महिन्यात मला ते लिहायचं नव्हतं.

रोज यायचे, गाडीवरची पुस्तकं उतरवायचे, आणि आधी ती नोंद उघडायचे. आज लिहीन, म्हणायचे. मग मला बाबांची खोली आठवायची. जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले त्यांनी. हजारो लोकांची नावं त्यांच्या बोटांखालून गेली, पण घरातलं कुणाचं नाव छापून आलं ते फक्त तुझं. तुझे सहा लेख त्यांच्या उशाशी असायचे. दुपारी मला म्हणायचे, ‘वाच ना धाकटीचं.’ आणि मी वाचायचे. ओलावा किती टक्के, बुरशी कितव्या दिवशी, पोत्याच्या मधोमध तापमान किती. मला अक्षर कळत नव्हतं, त्यांनाही कळत नसणार. तरी डोळे मिटून ऐकत राहायचे आणि बोट तुझ्या नावावरून फिरवत राहायचे, खिळे चाचपायची सवय होती ना. दोन वर्षांत एकदाही त्यांनी मला विचारलं नाही, तू दिवसभर काय करतेस. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मी नावांची राखण करते, तुमच्या लाडकीच्या नावाचीही.

एकवीस दिवस नोंद उघडली आणि मिटली. मधे शनिवार-रविवार होते, नाहीतर तीस झाले असते. एकतिसाव्या दिवशी दोन्ही नोंदी एक झाल्या. त्या दिवशीही जेवणाच्या सुट्टीत मी डबा खाल्ला. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण तुला मी बरी वाटता कामा नये.

सोमवारी लिहिलं होतं ना, मी काहीच केलेलं नाही? तेच केलं मी. तीस दिवस काहीच केलं नाही.

पाच वर्षांपूर्वी तुझी एक जागा गेली. आई फोनवर रडत होती, तिचा आवाज स्वयंपाकघरात येत होता. तीन वर्षांपूर्वी दुसरी गेली, आणि तू आईला म्हणालीस की बहुतेक माझं कामच इतकं चांगलं नसेल. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी मी नोंद उघडली. दोन्ही वेळा कारणाचा रकाना बघून मिटली. तुझं काम चांगलं आहे, धाकटे. मला त्यातलं काही कळत नाही, पण तुझ्या लेखांचा दाखला किती देशांतले लोक देतात ते रोज माझ्या समोरून जातं. जागा तुझ्या कामामुळे गेल्या नाहीत, माझ्यामुळे गेल्या. हे तुला पाच वर्षं आधी सांगायला हवं होतं.

काल सकाळी ‘नजरचूक’ खोडली. संचालकबाईंना आधी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘हे लिहिलंत तर मला तुम्हाला वाचवता यायचं नाही.’ मी म्हटलं, माहीत आहे. त्यांनी माझ्यासमोरच प्रतिनिधीचं पत्र फाईलमधून काढलं. सोमवारी माझी चौकशी आहे.

कारणात लिहिलं: ‘या दोन व्यक्ती वेगळ्या आहेत हे प्रस्ताव आला तेव्हाच मला माहीत होतं. हरकत घेणं माझं काम होतं. मी जाणूनबुजून घेतली नाही.’ स्रोतात लिहिलं: सख्खी बहीण. त्यापुढे माझं पूर्ण नाव. तेवढं लिहायला मला दुपारचे चार वाजले.

टाचणी आता चांगलाच टोचणार, म्हणून मी तयार होते. त्याचं उत्तर दहा मिनिटांत आलं. ‘मिळालं. दोघींना वेगळं केलं. आता प्रतींच्या मागे लागू या.’ बस, एवढंच. माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की मूळ नोंद सुधारली तरी प्रत्येक देशाकडे सूचीची आपापली प्रत असते आणि ती रविवारी बदलते. शुक्रवारी समितीच्या टेबलावर जुनीच यादी गेली असती. त्यानं सदतीस ठिकाणी एकच निरोप धाडला: हा क्रमांक, आजच, हातानं बदला, एका माणसाची जागा अडली आहे. कुणाची, कशामुळे, काही लिहिलं नाही.

मग उत्तरं यायला लागली. आमच्यात लांबलचक लिहायची पद्धत नाही. एक शब्द यायचा, ‘केलं’. पहिल्या तासात अकरा आली. माझ्या विभागातले सगळे घरी गेले, मी तिथेच बसून होते. एकानं क्रमांक पुन्हा विचारला. एकीनं लिहिलं, आज आमच्याकडे सुट्टी आहे, घरून केलं. ज्यांच्याशी मी वर्षानुवर्षं एका स्वल्पविरामावरून भांडले, त्यांनी काही न विचारता तुझ्यासाठी हातातलं काम बाजूला ठेवलं. मी वाचत होते आणि रडत होते. पहारेकऱ्यानं येऊन विचारलं, कुणी गेलं का घरी. मी म्हटलं, नाही, येतंय.

निघेपर्यंत छत्तीस झाले. राहिला एकच, आणि तो नेमका तुझ्या प्रयोगशाळेचा देश. तिथून ना होकार, ना नकार. आज सकाळी सव्वाआठलाच येऊन बसले. समिती त्यांच्या घड्याळानं दहाला बसणार होती. आमच्यात किती तासांचा फरक आहे ते मी कागदावर तीनदा काढलं, तीनदा वेगळं आलं. शेवटी भिंतीवरचं घड्याळच त्यांच्या वेळेला लावलं. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. मी दोनदा फोन लावला, कुणी उचलला नाही. नऊ पस्तीसला उत्तर आलं. ‘केलं. प्रयोगशाळेच्या ग्रंथपालाशी बोललो. जुनी यादी टेबलावर ठेवलेली होती, ती उचलायला लावली. नवी ठेवली आहे.’

एकोणीस लेख, धाकटे. सगळे तुझे, आणि फक्त तुझे.

समितीनं काय ठरवलं ते मला माहीत नाही. मी विचारणारही नाही. आई रविवारी दार लावून घेईल तेव्हा कळेलच.

पहिली दोन पत्रं फाडणार होते. फाडत नाही. खरं बोलायला मी किती आढेवेढे घेते, ते तुला दिसू दे. बरोबर एक छापील पान ठेवलंय. त्यावर त्या एकवीस उघडण्यांच्या तारखा आणि वेळा आहेत, आणि नंतरच्या दोन. खाली माझी सही आहे. मागच्या दोन्ही संस्थांना हे पान दाखव, वकिलाला दाखव, माझ्या कार्यालयावर तक्रार कर. तुझा हक्क आहे, आणि मी एका शब्दानं आड येणार नाही.

आणखी एक. तुझे ते लेख रद्दीत गेले नव्हते. सहाही या पाकिटात आहेत. माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली होते. पहिल्या पानावर तुझ्या नावाची शाई पुसट झाली आहे, बाबांच्या बोटानं. ते तुझंच होतं, मी नऊ वर्षं धरून ठेवलं.

माफी मागते. तू द्यावीस असं नाही, पण मी मागितली नाही असं व्हायला नको.

कधी जमलं तर एकदा स्वतःची नोंद उघडून बघ. या वेळी लाजू नकोस. तुझ्या नावाखाली जन्मसाल आहे, मग तुझे लेख आहेत, आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, स्रोत. तिथे जिचं नाव आहे ती,

तुझी सख्खी बहीण